मंगळवारची बस

सदतीस वर्षं मी पूल वर घेतला, पूल खाली घेतला.
लोहखनिजानं पोट भरलेली जहाजं
माझ्या केबिनखालून सुपीरियर सरोवरात गेली.
भोंग्याला भोंग्यानं उत्तर दिलं,
पण काठावरच्या घरांत कुणाची चूल पेटते, कुणाची नाही,
ते विचारलं नाही कधी.

दान म्हणजे डिसेंबर.
पाकिटं यायची: आंधळ्यांची, भटक्या कुत्र्यांची,
कुठल्याशा अग्निशामक दलाच्या विधवांची.
ज्यावरचं चित्र जास्त केविलवाणं, त्याला चेक.
तिकीट चाटायचं, जिभेवर गोंदाची चव, झालं.
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
खरं सांगू? माझ्या या हातालाही
फारसं काही कळत नव्हतं.

मग हिल्डुर सुंडक्विस्टनं बोलावलं,
तिच्या गॅरेजमध्ये.
बर्फ ओढायच्या फावड्यांखाली अकरा खुर्च्या,
मध्ये कॉफीचा रिकामा डबा.
महिन्याला चाळीस डॉलर, डॉक्टरीणबाईंनाही, मलाही.
एक तऱ्हेची भिशीच ती,
फक्त उचल आपल्याला नाही.
"आणि तोंड आणायचं," हिल्डुर म्हणाली,
"नुसते पैसे टाकून जाणारी नकोय इथं."

पहिल्याच मतदानात मी हरले.
मला हवी होती जुन्या दीपस्तंभाची डागडुजी.
लेम्पी कांगास, शाळेतली निवृत्त नर्स, उठून म्हणाली,
"पोरं शाळा बुडवतात ती तापानं नाही.
शर्ट मळका असतो म्हणून."
सात विरुद्ध चार.
घरी येताना गाडीत मी एकटीच ओरडले:
माझ्या चाळीस डॉलरांत लोकांच्या चड्ड्या धुणार!

पण नियम असा, की जिनं विरोध केला
तिनंच जाऊन बघून यायचं.

गेले.
धुलाईच्या दुकानात भट्टीसारखी ऊब,
बावीस यंत्रांचा एकच घुमणारा आवाज,
आणि गल्ल्यावर माय यिया वांग, माझ्या खांद्याएवढी.
मी वही काढली. किती कुटुंबं, किती नाणी?
तिनं उत्तराआधी
एका ओल्या चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
लांब जायचं, ताणायचं, जवळ यायचं,
टोकाला टोक, पुन्हा लांब.
चौथ्या चादरीला ती बोलली:
"नाणी चांगलीच. पण मंगळवारी धुणं फुकट
आणि शेवटची बस साडेसातला.
ओलं ओझं खांद्यावर घेऊन टेकडी चढतात लोक.
उणे वीसमध्ये चादरीची फळी होते, बाई."

वहीत हा रकानाच नव्हता.

नगरसभेत मिळतात दोन मिनिटं.
आयुष्यात माइकपुढे उभी राहिले नव्हते,
माझा घसा पुलाच्या साखळीसारखा करकरला.
म्हटलं, एका जहाजासाठी मी
अख्खं गाव थांबवत होते, दिवसातून वीसदा.
कुणी कुरकुर केली नाही.
तुम्हाला एक बस दोन तास जास्त चालवता येत नाही?
मागे दहा बायका बसल्या होत्या,
लेम्पी विणत होती, सुया थांबल्या.
सभापतींनी लिहून घेतलं.
लिहून घेतलेलं आठ महिने लिहिलेलंच राहिलं.
आम्ही दर महिन्याला गेलो.
मग बस आली: फक्त हिवाळ्यापुरती, फक्त मंगळवारी,
प्रायोगिक.

हिल्डुर गेली त्या मार्चमध्ये.
डबा आता माझ्याकडे असतो.
दीपस्तंभ मी दरवर्षी मांडते, दरवर्षी हरते.
यंदा पाच मतं पडली.
डिसेंबरची पाकिटं अजून येतात,
मी ती आता मागच्या बाजूनं वाचते,
नंबर असेल तर फोन करते, प्रश्न विचारते.
काही जण फोन ठेवून देतात.

नऊ दहाला बस माझ्या खिडकीखालून जाते,
काचा वाफेनं आंधळ्या,
आत कोण आहे, किती आहेत, दिसत नाही.
सवयीनं हात वर होतो, जहाजाला व्हायचा तसा.
ड्रायव्हर भोंगा वाजवत नाही.
त्याला कशाला माहीत असेल.
मी पडदा ओढते,
आणि खुर्चीवर पडलेली चादर
एकटीनं, हनुवटीखाली धरून, वाकडीतिकडी घडी घालते.